मोरचुदाची पुरचुंडी

आमच्या तलावात जलपर्णी मी आणली. गावात हे कुणाला माहीत नव्हतं आणि मीही चार वर्षं तोंड उघडलं नाही.

माझी धाकटी बहीण आष्टीच्या पुढे, गोदावरीकाठच्या एका गावात दिलेली आहे. एका भादव्यात मी तिच्याकडे गेले होते. नदीच्या कडेला पाणी साचलं होतं आणि त्यावर ही झाडं तरंगत होती. देठाला फुगे, पानं चकचकीत, फुलं जांभळी, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका. महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. आमच्या गल्लीत महालक्ष्म्यांपुढच्या आराशीवरून बायकांची चढाओढ असते आणि मी त्यात मागे राहणारी नव्हते. बहीण म्हणाली, "ने की चार. पाण्यात ठेवल्या की आठ-आठ दिवस सुकत न्हाईत." मी बादलीत घालून एसटीनं आणल्या. परातीत पाणी घालून मांडल्या. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई विचारत होती, हे कुठलं फूल. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. आघाडा, केना, दुर्वा, हार, सगळं निर्माल्य टोपलीत भरलं आणि तलावावर नेऊन सोडलं. आमच्याकडे तसंच करतात. देवाचं पायदळी येऊ नये, उकिरड्यावर जाऊ नये. त्यात ती चार झाडंही होती. मुळं पांढरी, ताजी होती. मला दिसत होती. तरी सोडली.

पहिल्या वर्षी कडेला एक टोपलीभर हिरवं दिसलं. दुसऱ्या वर्षी खळ्याएवढं झालं. चौथ्या वर्षी पाणी दिसेना. बगळे त्यावर चालायचे. मोटारीच्या पाइपाचं तोंड मुळ्यांनी बंद व्हायचं, डास एवढे झाले की संध्याकाळी दारात बसता येईना. लोक म्हणत, वरच्या धरणातून आली असेल, पक्ष्यांच्या पायाला लागून आली असेल. मीही मान हलवायचे.

तलाव जलपर्णीनं असा भरायला माझी ती चार झाडंच कारण नव्हती, हेही सांगते. पूर्वी आमच्या गावात प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी मागच्या अंगणात जायचं. तिथं अळू आणि कर्दळ लावलेली असायची. घाण पाणी तीच प्यायची. अळूची पानं वड्यांना व्हायची, कर्दळीची देवाला. कुणी शिकवलं नव्हतं, सासूनं लावलं म्हणून सुनेनं लावलं. मग सिमेंटच्या नाल्या आल्या. सगळ्या गावाची मोरी, कपड्याचा साबण, गोठ्यातलं शेण-मूत एका नालीत, आणि नालीचं तोंड तलावात. आम्ही खूश झालो. अंगण कोरडं झालं म्हणून मी माझी कर्दळ माझ्या हातानं उपटून फेकली. वरून मोसंबीच्या बागांचं खत पावसात वाहून येतंच. जलपर्णीला असं पाणी म्हणजे रोजचं गोडाधोडाचं जेवण.

पंचायतीनं जेसीबी लावायचं ठरवलं तेव्हा मंदिरासमोर बैठक झाली. आमच्या शाळेत शिकवायला एक तरुण बाई आहेत, रोज मंठ्याहून येतात. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सगळी एकदम काढू नका. नालीच्या तोंडाशी एक पट्टा ठेवा, बांबूनं अडवून. ती वनस्पती घाण शोषून घेतेय. एकदम काढली तर तेच खाणं शेवाळाला मिळेल, पाणी हिरवं होईल. आणि हिरवं पाणी हिच्यापेक्षा वाईट."

त्या बैठकीत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "बाई, तुम्ही पोरं शिकवा. एक पानबी ठिवायचं न्हाई. घरात साप निघाल्यावर त्याची शेपटी ठिवता का तुम्ही?"

लोक हसले. बाई खाली बसल्या. मी का ओरडत होते ते मला माहीत होतं. एक पान उरलं असतं तर रोज येता-जाता मला दिसलं असतं.

पुसात दोन दिवस जेसीबी चालला. काठावर डोंगर लागले. तलाव मोकळा झाला, आभाळ दिसायला लागलं. मला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

चैतात पाणी हिरवं झालं.

आधी कडेला हिरवे धागे दिसले. मग एक दिवस वारा खालच्या अंगाला वाहिला आणि सगळी साय त्या काठाला गोळा झाली. हिरव्या ऑइल पेंटचा डबा सांडावा तशी. हात घातला तर बोटांना रंग लागायचा. वास असा की नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नव्हतं. गुरांना तिकडे नेणं लोकांनी बंद केलं. बोअरच्या पाण्याचा हौद होता, त्यावर गुरं पाजायची. शाळेतल्या बाई रस्त्यात भेटायच्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या घरात मी आणि सून. मुलगा जालन्याला पोलादाच्या कारखान्यात आहे, पंधरवड्यानं येतो. घर चालतं ते म्हशीवर. तेव्हा ती गाभण होती, नववा सरत आला होता. वेळेला व्याली की वर्षाची काळजी मिटते, हे मला आणि सुनेला दोघींना पाठ होतं.

मोसंबीच्या खोडाला चुना आणि मोरचूद कालवून लावतात. आमची थोडी झाडं आहेत, त्यामुळं घरात मोरचुदाची पिशवी होतीच, निळ्या खड्यांची. माझे सासरे विहिरीत शेवाळ धरलं की मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून पाण्यात फिरवायचे. दोन दिवसांत शेवाळ मरायचं. मी हे पाहिलेलं होतं. विहिरीचं पाणी ते त्यानंतर उपसून काढायचे आणि आठ दिवस कुणाला पिऊ द्यायचे नाहीत, हेही पाहिलेलं होतं. पण माझ्या डोक्यात त्यातली पुरचुंडीच तेवढी राहिली.

एका पहाटे मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात पिशवीतला सगळा मोरचूद बांधला आणि काठाकाठानं, गुडघाभर पाण्यात, पुरचुंडी ओढत चालले. मी आणलेलं मीच निस्तरणार होते. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लोकांनी उलट मलाच विचारलं असतं, तुला एवढी पडली कशाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं होतं. हिरवी साय तपकिरी होऊन तळाला बसली होती. काठाला चार-पाच मासे पांढरं पोट वर करून पडले होते. मी ते काठीनं आत ढकलले. ऊन फार आहे, त्यानं मेले, असं स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी सकाळी बोअरची मोटार जळाली. हौद कोरडा. आमच्या गावची गुरं चारायला नेणारा माणूस मुसलमान आहे, त्याचा बापही हेच काम करायचा. तो वेशीत गुरं गोळा करत होता. म्हणाला, "काकू, हौद तो खाली है. शाम को जनावर पिलाने का कहाँ? दिवसभर माळावर थेंब न्हाई."

मी म्हणाले, "तलावावर आण बिनधास्त. पाणी निवळलंय."

"सच्ची?"

"माझ्या डोळ्यानं पाहून आले."

शेतातल्या विहिरीचं तळाला गेलेलं पाणी मोसंबीला राखलेलं होतं, म्हणून दुपारी मी घरी बांधलेली माझी म्हैस सोडली आणि तलावावर नेली. ती बराच वेळ प्याली. मी पाहत उभी होते आणि मला बरं वाटत होतं.

दोन-अडीच तासांनी सून गोठ्यातून ओरडली. म्हशीच्या मांड्या थरथरत होत्या. तोंडातून लाळेची तार लागली होती. ती डोकं भिंतीला टेकवून उभी होती आणि मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मी पाठीवर हात ठेवला तर कातडी उडत होती. सुनेनं मंठ्याच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो जवळच्याच गावात होता, अर्ध्या तासात मोटारसायकलीवर आला. तोवर म्हैस खाली बसली होती.

डॉक्टर तरुण होता, पण हात चटचट चालत होते. कान धरून पाहिले, डोळ्याची पापणी उलटली, पोटाला नळी लावून ऐकलं.

"आजी, काय खाल्लं हिनं?"

"कडबा. सरकी थोडी."

"युरियाची गोणी वगैरे चाटली का?"

"काय माहीत."

"पाणी?"

"रोजचंच."

"रोजचं म्हणजे हौदाचं?"

मी "हं" म्हणाले. एवढं एकच अक्षर. ते मला अजून ऐकू येतं.

डॉक्टरनं युरियाच धरला. एक सुई दिली, आंबट ताक पाजायला सांगितलं. सून शेजारून तांब्याभर ताक घेऊन आली. आम्ही म्हशीचं तोंड वर धरून पाजलं. निम्मं बाहेर आलं. वेळ जात होता. थरथर मानेपर्यंत चढली. डॉक्टर घड्याळ बघत होता आणि कपाळाला आठ्या घालत होता. "युरिया असता तर पोट फुगायला पाहिजे," तो स्वतःशीच म्हणाला. "हिचं फुगलेलं नाही."

सून म्हशीच्या पायाशी बसली होती. तिनं खुराच्या वरून हात फिरवला आणि बोटं माझ्यापुढं धरली. "आत्या, हा गाळ कुठला? हौदाला आज पाणी न्हाई, आन पाणी असतं तेव्हाबी गाळ नसतो."

मी भिंतीकडं पाहत राहिले.

"आत्या, मी तुमाला इचारून राह्यले. म्हस मरून राह्यली आन तुमी भिंतीकडं काय बघता?"

माझी सून मला कधी असं बोललेली नव्हती. मी भिंतीवरून नजर काढली ती दारातून बाहेर गेली. ऊन उतरलं होतं. गुरं माळावरून उतरायची वेळ झाली होती. सकाळी "बिनधास्त" म्हणणारी मीच होते, हे मला तेव्हा आठवलं.

"तलावाचं पाणी पाजलं," मी म्हणाले. "मोरचूद टाकलाय त्यात. मीच टाकला. परवाच्या पहाटे."

डॉक्टर उभाच राहिला. "किती?"

"पिशवी."

"पाणी हिरवं होतं ना तिथलं? घट्ट हिरवं?"

"व्हतं. आता न्हाई. निवळलं."

"निवळलं नाही, आजी. ते शेवाळ विषारी जातीचं असतं. जिवंत असतं तोवर बरंचसं विष त्याच्या अंगात राहतं. तुम्ही ते मारलं, फुटलं, सगळं विष पाण्यात उतरलं. दिसायला साफ आणि प्यायला जहर. हे पहिल्यांदा सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" तो बोलता बोलता पेटीतून काळी पूड काढत होता. कोळशाची. "ताई, बादलीभर पाणी आणा, घरातलं. आणि बाकीची गुरं कुठं आहेत गावाची?"

सुनेनं गुराख्याला फोन लावला. लागेना. माळावर रेंज नसते. डॉक्टरला म्हशीच्या नाकातून नळी घालायची होती आणि तोंड धरायला सून हवी होती. उरले मी.

आमच्या घरापासून तलाव लांब नाही, पण माझे गुडघे गेलेले आहेत. मी पळाले म्हणणं खोटं होईल. चालले, पण आयुष्यात तशी कधी चालले नव्हते. अर्ध्यावर घंटेचा आवाज आला. कळपाच्या पुढं एक लाल गाय असते, तिच्या गळ्यात घंटा आहे. सकाळपासून तहानलेली गुरं पाण्याचा वास आला की कुणाचं ऐकत नाहीत.

मी काठावर पोचले तेव्हा लाल गाय उतारावर होती आणि मागून धुळीत सगळा कळप. मी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिले. "हाकल! मागं हाकल!"

गुराखी मागून हसत ओरडला, "क्या काकू! सुबह बोली आण, अब बोली हाकल! तलाव तुझ्या नावावर झाला का?"

"पाणी पाजू नको!"

"का? कालपासून मेंबर झालीस?"

बंधाऱ्याच्या भिंतीवर दहा-बारा माणसं बसलेली असतात संध्याकाळी. तीही हसली. लाल गाय मला वळसा घालून पुढे निघाली. तिला माझं काय. मी तिचा कान धरला, तिनं मान झटकली आणि मी खाली बसले. पाणी तिच्यापासून पाच-सात पावलांवर होतं.

तिथं चिखलात बसून मी ओरडले, "जहर आहे त्यात! मी टाकलंय! माझी म्हस मरून राह्यली घरी, तुझी सगळी मरतील!"

तेव्हा त्याचं हसू गेलं. तो माणूस हुशार. कळपाच्या मागे काठी घेऊन धावला नाही. काठ्या मारल्या असत्या तर गुरं उलट पाण्यातच शिरली असती. कडेनं पळत जाऊन त्यानं लाल गायीची घंटा धरली आणि तिला वळवून वरच्या बाजूला ओढत नेलं, तोंडानं तिला रोज बोलावतो तसा आवाज करत. घंटा जिकडे जाते तिकडे कळप जातो. दोन कालवडी तरी पाण्यात उतरल्याच. भिंतीवरच्या माणसांनी उड्या टाकून शेपट्या धरून ओढल्या. त्यांनी तोंड लावलं होतं का नाही ते कळलं नाही. आठ दिवस त्यांच्या मालकाबरोबर मीही श्वास धरून होते. त्या जगल्या.

कळप वळल्यावर सगळे माझ्याभोवती आले. कुणी हात देऊन उठवलं नाही, आणि ते बराबर होतं.

"तुला कोन सांगितलं होतं मोरचूद टाकायला?"

"कुनी न्हाई."

"मंग पंचायतीला इचारायला काय झालं? तुझ्या बापाचा तलाव हाये का?"

"एक पानबी ठिवू नका म्हून कोन ओरडत होतं मंदिरापुढं?"

"मीच," मी म्हणाले. "आन जलपर्णीबी मीच आणली. महालक्ष्म्यांच्या आराशीला. निर्माल्यात सोडली. आता काय बोलायचं ते बोला, पण गुरं अजून तहानलेली हायेत. माझ्या विहिरीवर न्या."

 मग मागून एक म्हातारा, माझ्याच वयाचा, म्हणाला, "तरीच मी म्हनतो, त्या वर्षी हिच्या महालक्ष्म्यांपुढं फुलं कशाची होती." दोघं-तिघं हसले. तो हसण्याचा प्रसंग नव्हता, पण त्या हसण्यामुळंच मी तिथून उठू शकले.

मोटार दुरुस्त होईस्तोवर गावची गुरं माझ्या विहिरीवर प्याली. विहीर चैताची, तळाला गेलेली. मोसंबीला पाणी द्यायचं राहिलं आणि त्या साली फळ सुपारीएवढं होऊन गळून पडलं. सुनेनं एका शब्दानं काही म्हटलं नाही. मुलानं म्हटलं, फोनवर, बरंच काही.

म्हैस त्या दिवशी मेली नाही. डॉक्टरनं काळं पाणी नळीनं पोटात सोडलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं रवंथ केला. सुनेनं मला बोलावून दाखवला. आठव्या दिवशी तिनं रेडकू टाकलं. मेलेलं होतं, रेडी होती. मी डॉक्टरला विचारलं, "तुम्ही आल्याबरोबर मी सांगितलं असतं तर?" तो म्हणाला, "सांगता येत नाही, आजी." तो माझी समजूत घालत नव्हता, त्याला खरंच सांगता येत नव्हतं. मलाही येत नाही. तो अर्धा-पाऊण तास मी कुठंच ठेवू शकलेले नाही.

मी शाळेत गेले. बाई वर्गात होत्या. मी दारात उभी राहून म्हणाले, "तुमचं बराबर होतं." त्यांनी पोरांना पाढे लिहायला लावले आणि बाहेर आल्या. पट्टा कसा करायचा ते मातीत काडीनं काढून दाखवलं. नालीच्या तोंडाशी लांबट खड्डा, त्यात खडी, वाळू, आणि त्यात कर्दळ. मी म्हटलं, "कर्दळ तर आमच्या मोरीवर असायची." त्या म्हणाल्या, "तेच. तीच घरामागून आणून गावामागं लावायची." लव्हाळा आणि पाणकणीस ओढ्यातून आणलं, पण कर्दळीचे कांदे माझ्या घरी नव्हते. मागायला मला ज्या घरी जावं लागलं त्यांच्याच दोन कालवडी पाण्यात उतरल्या होत्या. त्या घरच्या बाईनं कांदे दिले आणि म्हणाली, "ह्याच्यात मोरचूद घालू नको." मी म्हटलं, "न्हाई घालत."

खड्डा पंचायतीनं खणला, लावणी बायकांनी केली. नालीचं पाणी आता कर्दळीतून उतरतं. येताना काळं असतं, पलीकडं निघताना वास कमी असतो. साफ म्हणणार नाही. मी आता कुठल्याच पाण्याला साफ म्हणत नाही. पुढच्या पावसात तलाव धुऊन निघाला, पण दरवर्षी उन्हाळ्यात थोडी हिरवी साय येतेच.

बाईंनी एक रीत शिकवली. काचेच्या बाटलीत तलावाचं पाणी भरायचं आणि न हलवता रात्रभर ठेवायचं. हिरवं तळाला बसलं तर फार भ्यायचं नाही. हिरवं वर येऊन कडं धरलं तर गुरं पाजायची नाहीत. माझ्या देवळीत उन्हाळाभर बाटली असते. निर्माल्य आता खताच्या खड्ड्यात जातं. बहिणीनं मागच्या भादव्यात विचारलं, फुलं पाठवू का. मी फोन ठेवला.

सकाळी गुराखी वेशीतून जाताना माझ्या दारासमोर थांबतो. "काकू, आज पिलाऊँ क्या?" तो टोमणा आहे, त्याला माहीत आहे आणि मलाही. पण उत्तर घेतल्याशिवाय तो पुढे जात नाही. मी बाटली उजेडाला धरून पाहते. मग चष्मा पुसून पुन्हा पाहते. हो किंवा नाही, जे असेल ते लगेच सांगते.